दुपारी अडीचचा फोटो आणि रात्री अडीचचं गिऱ्हाईक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाद्यांच्या दुकानांवर अर्धं पान मजकूर आला होता. सोबतच्या फोटोत मागे धूळ बसलेली कॅसेटची फळी आहे आणि पुढे काउंटरवर चष्मा कपाळावर चढवून बसलेला एक म्हातारा आहे. तो म्हातारा मी. फोटो काढणारा मुलगा भला होता. चहा घेतला, दोन-चार प्रश्न विचारले आणि अडीचच्या सुमाराला फोटो काढून लोणंदच्या गाडीने गेला. दुपारी अडीच वाजता फलटणमध्ये सोनाराचं दुकानसुद्धा रिकामं असतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. फोटोखाली छापून आलं की संगीत आता मोबाईलमध्ये गेलं आणि गिऱ्हाईक संपलं. तेव्हापासून ओळखीचे लोक दुकानात डोकावून विचारतात, "अण्णा, बंद करताय होय?" एकाने तर गाळा किती फुटी आहे ते पावलांनी मोजून पाहिलं. म्हणून हे पत्र.

गिऱ्हाईक संपलं हे अर्धं खरं आहे. कॅसेटचं संपलं, आणि ते संपायचंच होतं. दुकान वडिलांनी 1974 साली टाकलं. त्याआधी पंढरपुरात एका तबलेवाल्याकडे पाच वर्षं तबल्याच्या तोंडावरची काळी शाई घोटून ते आले होते. त्यांना वाद्यांशिवाय काही विकायचं नव्हतं. कॅसेट मी आणल्या, 1986 मध्ये, त्यांच्याशी भांडून. पुढची पंधरा वर्षं घर त्यावर चाललं. 'रेकॉर्डिंग करून मिळेल' अशी पाटी होती. लोक वहीच्या पानावर गाण्यांची यादी आणायचे आणि साठ मिनिटांची कॅसेट भरायची की नव्वदची यावर घासाघीस करायचे. लग्नाआधी मुलगा यायचा, यादी देताना कान लाल झालेले असायचे. मला पाच किलोमीटरच्या परिसरातली सगळी प्रेमप्रकरणं आगाऊ ठाऊक असायची. ते सगळं आता प्रत्येकाच्या खिशात फुकट आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मीसुद्धा रात्री झोपताना मोबाईलवरच गाणी लावतो. ती फळी मी काढत नाही, कारण तिच्यामागे भिंतीला ओल आहे. पत्रकाराला वाटलं आठवण म्हणून ठेवली.

पण त्या मुलाने विचारलं असतं की रात्री अडीच वाजता इथे काय असतं, तर मी त्याला आषाढात बोलावलं असतं.

माउलींची पालखी फलटणला विमानतळावर मुक्कामाला येते. त्या दिवशी सकाळी तरडगावाहून निघतानाच दिंड्यांतले पखवाजवाले वाटेत चौकशी करत येतात की फलटणमध्ये दुरुस्ती कुठे होते. त्या रात्री मी शटर पाडत नाही. आळंदीपासून फलटणपर्यंत पावसाने कातडं भिजून-वाळून इतकं दमलेलं असतं, की चांगल्या हाताचा पखवाजही गाडग्यावर थाप मारल्यासारखा बोलतो. संध्याकाळी सातपासून रांग लागते. कुणाची वादी (ताणायची कातडी पट्टी) तुटलेली, कुणाच्या शाईची खपली उडालेली, कुणाची पुडी, म्हणजे तोंडावर चढवायचं कातडं, काठाला फाटलेली. एकाने प्लास्टिकच्या पिशवीवर पिशवी, अशा चार पिशव्या बांधून आणला होता आणि पाणी नेमकं आतच साचलं होतं.

आता हे काम कसं असतं ते थोडं सांगतो. पखवाजाचं उजवं तोंड शाईचं. ती शाई म्हणजे लोखंडाचा कीस आणि खळ यांचा लेप, एकावर एक थर देऊन दगडाने घोटलेला. घोटता घोटता त्याला केसासारख्या बारीक भेगा पडाव्या लागतात. भेगा पडल्या नाहीत तर शाई कातड्याबरोबर हलत नाही आणि आवाज मुका होतो. डावं तोंड म्हणजे धूम. त्याला वाजवण्याआधी ओली कणीक थापायची आणि वाजवून झालं की खरवडून काढायची. कंटाळा करून तशीच ठेवली की रात्री उंदीर येतो आणि कणकेबरोबर कातडंही नेतो. दरवर्षी किमान दोन पखवाज असे येतात. मी ओरडतो, ते मान खाली घालतात, पुढच्या वर्षी दुसरे दोन येतात.

नवी पुडी एका रात्रीत भिजवून, बांधून, वाळवून होत नाही. म्हणून वैशाखातच पंचवीस-तीस तयार पुड्या आणून ठेवतो. रात्री फक्त चढवायच्या. जुनी सोडायची, वादी गजऱ्याच्या (पुडीच्या काठच्या वेणीच्या) घरांतून ओवत न्यायची, पाय लाकडी खोडाला लावून ताणायची, वादीखाली लाकडी गट्टे सारायचे आणि मग हातोडीने एकेक घर ठोकत सूर मिळवायचा. वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. माझे गुडघे आता गेले, ताणायचं काम पुतण्या करतो. सूर मात्र मीच मिळवतो. पुतण्या मोबाईलवर ट्यूनर लावून बघतो आणि दरवेळी म्हणतो, "काका, थोडा कमी आहे." त्याला म्हणतो, पहाटेपर्यंत कातडं सुकेल आणि चढेल, ते तुझ्या मोबाईलला ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे अडीच वाजून गेलेले. मराठवाड्याकडचा एक माणूस, सत्तरीच्या घरातला, पखवाज मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसला होता. त्याच्या आधीचे सगळे आटोपले तरी आत येईना. शेवटी मीच म्हणालो, "माउली, आणा की." म्हणाला, "पैशाचं बघून सांगा आधी." पुडी गेलीच होती. मी आकडा सांगितला. त्याने कमरेची पिशवी सोडली, मोजलं, परत मोजलं. कमी होते. म्हणालो, राहू द्या, परतीच्या वाटेवर द्या. तर तो म्हणाला, "परतीला आमी येष्टीनं जातो, फलटण लागत न्हाई." म्हणालो, मग पुढच्या वर्षी द्या. यावर तो जे बोलला ते मला कुठल्या चर्चासत्रात ऐकायला मिळालं नाही. म्हणाला, "पुढल्या वर्साचं उधार नका ठिवू. मी नसलो तर पखवाजावर राहील ते." आणि त्याने पिशवीतून दोन किलो तुरीची डाळ काढून काउंटरवर ठेवली. दिंडीच्या स्वयंपाकासाठी घरून आणलेली असणार. घेतली मी. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पुडी चढवून झाल्यावर त्याने कणीक मागितली. आमच्या घरातून पुतण्याने आणली. एवढीशी थापली, दोन बोटांनी कडा दाबल्या, एकदाच धूम दिली आणि उठला. वाजवून बघा म्हटलं, तर म्हणाला, "ऐकू आलं की."

याला गिऱ्हाईक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या वहीत त्याची नोंद 'तूरडाळ 2 किलो' अशी आहे.

2020 साली वारी पायी निघालीच नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तेच. त्या दोन्ही आषाढांत मी पुड्या भरून बसलो होतो. पहिल्या वर्षी त्या रात्री सवयीने शटर उघडंच ठेवलं. अकराच्या सुमारास पोलीस आले. म्हणाले, कशाला उघडं ठेवलंय, कोण येणार आहे? बंद केलं. पुड्यांना बुरशी लागली, तीस पुड्यांचं नुकसान सोसलं. त्या वर्षी फोन मात्र आले. जालन्याहून, परभणीहून, नगरहून. काम काही नाही, "मालक, बरे आहात ना? आम्ही अंगणातच वाजवतोय." एकाने फोन खाली ठेवून वाजवूनच दाखवलं आणि विचारलं, "धूम उतरलीय का हो?" फोनवर काय कळणार! उतरलीय म्हटलं. दोन घरं ठोकून परत वाजवलं. आता बरोबर, म्हटलं.

वारी वर्षातून एकदा. बाकीचे अकरा महिने काय, असं तुमचा पत्रकार विचारेल. बाकीचे अकरा महिने गावोगावच्या भजनी मंडळांवर चालतात, त्यातही आता बायकांच्या. पूर्वी बायका दुकानात आल्या तर मुलाच्या हट्टापायी माउथऑर्गन घ्यायला. आता बचत गटाचे पैसे एकत्र करून सहा-सात जणी रिक्षाने येतात आणि टाळ बघायला बसतात. टाळ विकणं सोपं नाही. दोन वाट्या एकमेकींशी जुळाव्या लागतात, आणि तसे आठ-दहा जोड पुन्हा आपापसांत फार भांडता कामा नयेत. मागच्या श्रावणात माण तालुक्यातल्या एका गावच्या बायका दीड तास बसल्या. त्यातली एक जण टाळ वाजवून कानाशी धरायची आणि नाद पूर्ण विरेपर्यंत कुणाला बोलू द्यायची नाही. माझ्या दुकानात, भर बाजारच्या दिवशी! सगळ्या श्वास धरून उभ्या. बाहेरून भाजीवाला ओरडला की परत पहिल्यापासून. एकवीस जोड वाजवून तिने नऊ निवडले. मी विचारलं, शिकलात कुठे? म्हणाली, "शिकायचं काय त्यात? भांडी घेताना बघत न्हाई का आपण?" घासाघीस मात्र बाकीच्यांनी केली, त्यात मी हरलो.

ढोलांचंही सांगायला हवं, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं लिहिलं. गणपतीच्या आधी दोन महिने माझी सगळ्यात जास्त विक्री ढोलाच्या पानांची (म्हणजे तोंडावरच्या पडद्यांची), दोऱ्यांची आणि टिपऱ्यांची होते. पथकं आता फलटण-बारामतीकडेही निघाली आहेत. शंभर ढोल एकदम वाजायला लागले की माझ्या शोकेसची काच थरथरते, आणि खरं सांगायचं तर मला ते संगीत वाटत नाही. पण ढोल बांधायला येणारी पोरं पोरी बघितली की बोलवत नाही. इंजिनिअरिंगची मुलगी घामाघूम होऊन दोरी ताणते, हाताला फोड आलेले असतात आणि विचारते, "काका, पान अजून किती घेईल?" आमच्या माणदेशातले धनगरांचे गजी ढोल ज्यांनी ऐकले आहेत त्यांना पथकाचा ढोल पोकळ वाटतो, हे माझं मत. ते मी माझ्यापाशी ठेवतो आणि पान विकतो.

डीजेबद्दल लिहिणार नव्हतो, पण बँडवाल्यांचं आठवलं. आमच्या भागात लग्नाच्या बँडमध्ये चांगली क्लॅरिनेट वाजवणारा एक माणूस तीन वर्षांपूर्वी ती विकायला घेऊन आला. बँड मोडला होता. लग्नाला आता एक टेम्पो आणि दोन भिंती एवढे स्पीकर पुरतात. क्लॅरिनेट जुनी, चाव्यांचे पॅड गेलेले, पण लाकूड निरोगी. मी घेतली नाही. घेतली असती तर वर्षभर पडून राहिली असती, इकडे वाजवणारं कोण आहे? पॅड बदलून दिले आणि म्हटलं, दोन महिने ठेवा, मग बघू. दोन महिन्यांनी आला ते नवी पाती घ्यायला. आता आठवडी बाजारात मसाल्याच्या गाडीवर उभा असतो. संध्याकाळी गाडी आवरली की तिथेच वाजवतो. मसाल्याचा खप वाढला का, विचारलं. म्हणाला, छे, उलट लोक उभे राहून ऐकतात आणि हळदीला विसरतात.

गिटारवाल्या मुलांचं थोडक्यात. जूनमध्ये घेतात, दिवाळीपर्यंत पहिली तार तीनदा तोडतात, फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेसाठी कपाटावर टाकतात. दहातला एक टिकतो. तबल्याचंही प्रमाण पूर्वीपासून तेच आहे, म्हणून गिटारला नावं ठेवायचं कारण नाही.

तंबोऱ्याचा धंदा मात्र खरोखर गेला, आणि तो घालवण्यात माझा हात आहे. डब्याच्या आकाराचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा फलटणमध्ये पहिल्यांदा मी विकला. मग मोबाईलवर ॲप आलं आणि तो डबाही विकेनासा झाला. आमच्याकडे गाणं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे मिरजेचा जोड आहे, सासऱ्यांच्या वेळचा. विद्यार्थ्यांना त्या ॲपच लावून देतात, कारण वीस मिनिटं तंबोरा लावण्यात गेली तर क्लासच्या तासात उरतं काय? पण दर दोन वर्षांनी त्या जवारी काढायला तंबोरे मिरजेला पाठवतात, आणि नेण्याआणण्याचं काम माझं. मिरजेची ती घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारं करणारी. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सतारी-तंबोरे करायला घेतले. भोपळे अजून पंढरपूरच्या बाजूने येतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी कारागिराला फोन करून अभिनंदन केलं. तो म्हणाला, "मानांकन आलं, आता पोरगा बसला पाहिजे."

जवारी म्हणजे काय ते मला कितीदा तरी समजावून सांगावं लागतं. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा कानशीने किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याला नुसती टेकत नाही, स्पर्श करत करत पुढे जाते. मग तारेखाली सुताचा एक दोरा घालायचा आणि तो केसभर पुढेमागे सरकवायचा. एका ठिकाणी आवाज बंद असतो, पुढे किरटा होतो, आणि मधे कुठेतरी एकाएकी उघडतो. कारागीर तिथे थांबतो. मी एकदा त्या बाईंना विचारलं, ॲपमध्ये आणि यात फरक तो काय? दोन्हीकडे प-सा-सा-सा. त्या म्हणाल्या, "ॲप माझी वाट बघत नाही." मला तेव्हा कळलं नव्हतं. शाळेच्या पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, प्रकरण झालं तेव्हा कळलं. हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेतून दीड वर्षापूर्वी मला बोलावणं आलं. नाव लिहीत नाही; शिक्षक चांगले आहेत, दोष त्यांचा नाही. एक पेटी होती, तिचं निर्लेखन करायचं होतं, म्हणजे ती निकामी झाली असा जाणकाराचा दाखला जोडून जडसंग्रह नोंदवहीतून नाव काढून टाकायचं. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'डे. स्टॉ. क्र. 47, सन 1991'. डे. स्टॉ. म्हणजे डेड स्टॉक. शाळेत पेटी येते त्या दिवशीच तिला मेलेली म्हणून लिहितात, हे मला तेव्हा समजलं. संगीताचे शिक्षक निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि पेटी कपाटात गेली ती गेली.

दाखला दोन ओळींचा होता, सही केली असती तर दहा मिनिटांत घरी आलो असतो. पण पेटी उघडल्याशिवाय सही कशी करू? चार स्क्रू काढले, पट्ट्या उचलल्या. आत उंदराचं जुनं घरटं निघालं, उत्तरपत्रिका कुरतडून केलेलं. एका तुकड्यावर '10 पैकी 3' अजून वाचता येत होतं. भात्याच्या घडीला दोन भोकं. पण सुरांची पट्टी बाहेर काढली तर पितळेचे सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पात्या, सगळे जागेवर, एकही तुटलेला नाही, आणि जर्मन! असे सूर आता पैसे मोजूनही मिळायचे कठीण. म्हटलं, ही पेटी मेलेली नाही, हिला फक्त कोंडून ठेवलंय. मुख्याध्यापक म्हणाले, तुम्ही म्हणताय ते पटतं, पण दुरुस्तीला पैसे कशातून दाखवू? नवीन घ्यायची असेल तर मागणी करता येते, तीन कोटेशनं जोडा, अठरा-वीस हजारांची पेटी येईल. दुरुस्तीचे अठराशे मात्र बसवायला खातं नाही.

अण्णा संत आहे असं कुणी समजू नये. तीन कोटेशनं मला जमवता आली असती. एक माझं, दोन ओळखीच्यांची. बाजारात असंच चालतं. त्या रात्री मी तो हिशोब करून पाहिलाही. मग पेटी टेम्पोत घालून घरी आणली आणि कुणालाही न विचारता केली. भात्याला आतून पातळ कातड्याचे तुकडे सरसाने लावले. सुरांतली धूळ कागदाच्या पट्टीने काढली. दोन सूर उतरलेले होते, त्यांच्या जिभांची टोकं किंचित खरवडली, म्हणजे चढतात. तीन पट्ट्यांखालचं फेल्ट बदललं. एकूण चार संध्याकाळी गेल्या.

शाळेत नेऊन दिली तेव्हा वाजवणार कोण हा प्रश्न आला. शिक्षक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात पाण्याची टाकी भरून आलेला शिपाई पायपुसण्याला हात पुसत म्हणाला, "मी बघू का?" तो त्याच्या गावच्या भजनात पेटीवर असतो. शाळेत अकरा वर्षं नोकरी केली, कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला मी मुद्दाम गेलो. ती शाळा गेली कित्येक वर्षं स्पीकरला मोबाईल जोडून प्रार्थना लावते. रेकॉर्डिंगमधल्या बाई काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी सा धरून गातात, सराईत गळा, वरचा सा सहज. आणि खाली तीनशे पोरं, त्यातली निम्मी आवाज फुटण्याच्या वयाची. पोचत नाहीत. मग काही ओरडतात, काही नुसते ओठ हलवतात, मागच्या रांगा एकमेकांना चिमटे काढतात. शिपायाने पहिल्या दिवशी काळी पाचलाच सुरुवात केली. अर्ध्या ओळीत थांबला. पोरांकडे बघितलं, पट्टी बदलली. पांढरी चारला आला. तरी मागची पोरं कण्हत होती. परत थांबला, पांढरी दोनला आणली. मग परत पहिल्यापासून. तीनशे पोरं एकदम गायली असं लिहिलं तर ते खोटं होईल. दीडशे गायली असतील. पण मागच्या रांगेतला एक आडदांड पोरगा, ज्याने बहुधा चौथीनंतर तोंड उघडलं नव्हतं, तो खालच्या सुरात गात होता आणि दचकून स्वतःच इकडेतिकडे बघत होता.

मोबाईलला पोरांची पट्टी कळत नाही. पोरांनीच त्याच्या पट्टीत जायचं, नाहीतर गप्प बसायचं. पेटी खाली उतरू शकते. त्या बाई ॲपबद्दल काय म्हणाल्या ते मला त्या पटांगणावर समजलं. तुमच्या मजकुरात संगीत मोबाईलमध्ये गेलं असं आहे, त्याच्यापुढे मला एवढंच लिहायचं होतं.

आता मागणं. आपल्या भागातल्या किती शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, वाचनालयांच्या कपाटांत पेट्या, तबले, लेझीम-हलग्या कोंडलेल्या आहेत याची यादी माझ्याकडे नाही. मला बोलावलं तिथे मात्र बहुतेक ठिकाणी निघाल्या. शिक्षण खात्यातल्या ज्या कुणाच्या हातात असेल त्यांनी दुरुस्तीला एक खातं उघडावं, पाच हजारांचं का होईना. नव्या खरेदीचे कागद बनवायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ लागेल. आणि ज्यांच्या घरात माळ्यावर कुणाची पेटी किंवा डग्गा पडलाय, त्यांनी पावसाळ्याआधी तो खाली काढून उन्हात नाही, सावलीत वाऱ्यावर ठेवावा. उन्हात लाकूड तडकतं. कापूर किंवा डांबरगोळी आत टाकावी. वाजवणारं कुणी नसेल तर जवळच्या भजनी मंडळात विचारावं. कुठल्या तरी शाळेच्या शिपायाला वाजवता येत असेल.

अठराशे रुपये अजून आलेले नाहीत. मुख्याध्यापकांची बदली झाली. पेटीची तिसरी काळी पावसात अजून अडकते. शिपायाला म्हटलंय, ती चुकवून वाजव, दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये.

दुकान चालू आहे. गाळा विकायचा नाही.

आपला,
एक वाद्यविक्रेता, फलटण
(नाव छापू नये. दुकान सगळ्यांना ठाऊक आहे.)

ता.क. : गेल्या आषाढात पालखीच्या रात्री एक पखवाज दुरुस्तीला आला तो न्यायला कुणी आलंच नाही. नंबर लिहिलेली चिठ्ठी पावसाने पुसली गेली. पहाटे दिंडी निघून गेली असेल. पुडी नवी चढवली आहे, पैसेही देऊन झालेले आहेत. खोडावर, वादीच्या खाली, खिळ्याने एक नाव कोरलेलं आहे. ते इथे लिहीत नाही. ज्याचा असेल त्याने येऊन नाव सांगावं आणि पखवाज घेऊन जावा. धूम खरवडून ठेवली आहे.